कोदैचा हात, कोदैचा आवाज

५ मे, तूत्तुक्कुडी

अग्निनक्षत्र, म्हणजे वर्षातलं सर्वांत कडक ऊन, लागलं आणि नेमका तोच मुहूर्त साधून संपादकांनी मला मिठागरात पाठवलं. म्हणाले, "सौम्यनारायणन, असा चित्रपट आपल्याकडे आजवर झाला नाही. माणसं मातीतली, बोली मातीतली. तुम्ही तिथे राहा आणि दर आठवड्याला एक लेख पाठवा." पंचवीसेक वर्षं मी आमच्या साप्ताहिकात चित्रपटांवर लिहितो आहे. या काळात 'मातीतला' म्हणून जाहीर झालेल्या चित्रपटांची माती एका जागी टाकली तर मरीनाशेजारी दुसरा किनारा तयार होईल.

चित्रपटाचं नाव 'उप्पुक्काट्रु', म्हणजे खारा वारा. मिठागरात राबणाऱ्या पेच्ची नावाच्या बाईची कथा. पेच्ची झालेली मुलगी चंडीगडची आहे, जपलीन. तिला तमिळमधलं "वणक्कम" येतं आणि "जेवलात का" येतं. खरं म्हणजे एवढ्यावर आमच्याकडे जन्म निघतो. पण पेच्चीला याखेरीजही बरंच बोलायचं आहे.

ते बोलणार आमची कोदै. माझी मुलगी गेली काही वर्षं चेन्नईत डबिंग करते. पडद्यावर परप्रांतीय नायिका ओठ हलवतात आणि आवाज कोदैचा येतो. जानेवारीत ती पेच्चीच्याच भूमिकेसाठी चाचणी द्यायला गेली होती. दिग्दर्शक इळंपरिदी तिचं काम पाहून रडला म्हणे. डोळे पुसून म्हणाला, "तुझ्यासारखी पेच्ची मला दुसरी मिळणार नाही." ते खरं ठरलं, त्याने चंडीगडहून मागवली. का, असं कोदैने विचारलं, तर म्हणाला, "मार्केट, कोदै. चेहरा मार्केटला चालला पाहिजे."

त्याबदली तिला तीन कामं दिली: चित्रीकरणात जपलीनला वाक्यं सांगायची, नंतर तिला आवाज द्यायचा, आणि पेच्चीची थोरली बहीण इसक्की हिची दोन दृश्यांची भूमिका करायची. त्या तिसऱ्यासाठीच कोदैने पहिली दोन पत्करली आहेत. एकदा तरी स्वतः पडद्यावर दिसायचं, एवढंच तिचं म्हणणं. मला तिचं हे वेड कळत नाही. चेहरा काय, नश्वर आहे. आवाज म्हणजे साक्षात शब्दब्रह्म. हे मी तिला गाडीत सांगितलं. ती म्हणाली, "अप्पा, खिडकी लावा, तोंडात मीठ जातंय."

७ मे

आज रंगभूषेच्या गाडीत एक गंमत पाहिली.

रंगभूषाकार पुन्नैवनम इथलाच, तिरुनेलवेलीकडचा. जपलीन आरशासमोर बसलेली, चंद्रासारखी. पुन्नैवनम वाटीत रंग कालवतो आणि हाक मारतो, "कोदै, हात दे गं." ती मुकाट्याने बाही वर करते. तो तिच्या हातावर ठिपके देतो आणि पुटपुटतो, "हा निळा मारतोय. हा विटकरी झाला. हा बघ... हा गेला! दिसतच नाही." जो ठिपका कोदैच्या कातडीत विरून जातो तो रंग बरोबर. मग तोच जपलीनला कपाळापासून कोपरापर्यंत.

नंतर त्याने कोदैला बाहेर उन्हात नेलं. "तोंड धू. काही लावायचं नाही, टिकलीसुद्धा काढ. हात गालाशी धर. माझ्याकडे बघ." आणि मोबाइलवर फोटो घेतला. त्याची छापील प्रत आता आरशाला चिकटवलीय, रोज रंग ताडून पाहायला.

"पुन्नैवनम," मी विचारलं, "या रंगाला तुमच्या धंद्यात म्हणतात काय?"

"डल, सामी. डल मेकअप."

लहानपणी पाठशाळेत काळ्या रंगाचे सात शब्द मी घोकले होते: कृष्ण, नील, असित, श्याम, काल, श्यामल, मेचक. शिवाय आमच्या घराण्याचे सगळेच देव मेघश्याम. इतक्या संपत्तीतून चित्रपटसृष्टीने उचलला तो हा शब्द.

"कोदै," मी म्हटलं, "तुझ्या हातावर मोठं काम चाललंय."

"हो अप्पा. हाताला पेच्चीची भूमिका मिळाली. बाकीची मी अजून वेटिंगवर आहे."

पुन्नैवनम हसला. मीही हसलो. कोदैने हात धुतला.

संध्याकाळी लेख पाठवला. "रंगभूषेत विलक्षण बारकावा आहे" असं लिहिलं. खोटं काहीच नाही. कोदैचं नाव घातलं नाही. स्वतःच्या मुलीची जाहिरात आपल्या लेखात करणं बरं दिसत नाही.

११ मे

डोकं भणाणून गेलंय. कारण निव्वळ ऊन नाही.

आज मिठागरातल्या खऱ्या बायका होत्या, घमेली घेऊन रांगेत, आणि मधोमध जपलीन. इळंपरिदी मॉनिटरकडे बघत बसला. मान वाकडी केली, सरळ केली. "काहीतरी खोटं वाटतंय," म्हणाला.

काय खोटं वाटतंय ते सर्वांना दिसत होतं. बायकांच्या कातडीखाली रक्त होतं, घाम होता, उन्हाची तांबूस झाक होती. जपलीन मात्र पाटीवर पुसलेल्या खडूसारखी राखाडी. कॅमेरामन आभाळ बघू लागला. सहायक मंडळी बुटाच्या नाड्या बांधू लागली.

"काय खोटं वाटतंय सर?" शेवटी पुन्नैवनमने विचारलं.

"या बायका," इळंपरिदी म्हणाला. "फार काळ्या आहेत. नॅचरल नाही वाटत. एक हात पावडर मारा."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. पाठशाळेतले शास्त्री म्हणायचे, उपमान आणि उपमेय यांची अदलाबदल झाली की प्रतीप अलंकार होतो. इथे अलंकार नाही, नुसता पावडरचा डबा होता. पिढ्यानपिढ्या मिठात उभ्या असलेल्या बायकांना मिठागरातल्या बाईसारखं दिसावं म्हणून रांगेत उभं करून गोरं केलं.

चेल्लत्ताय नावाची एक वयस्क बाई सगळ्यांत पुढे होती. पावडर बसता बसता म्हणाली, "माझ्या लग्नात एवढी मागितली तर बापाने दिली नव्हती." मग जपलीनकडे बघून कोदैला विचारलं, "काय गं, ती काळी होतेय, आम्ही गोऱ्या होतोय. मध्ये कुठे भेटायचं ठरलंय?"

जपलीनला कोदैने ते हिंदीत सांगितलं. ती बिचारी हसली नाही. दुपारी छत्रीखाली मानेवर बर्फाचं फडकं ठेवून बसली होती. रंगाने मानेला पुरळ आलंय. मला म्हणाली, "अंकल, मी त्यांना विचारलं होतं, मलाच का घेतलंत? ते म्हणाले, तुला काय करायचंय." मुलगी वाईट नाही. सकाळ-संध्याकाळ कोदैच्या मागे लागून वाक्यं घोकते, अर्थ विचारते.

घरून बायकोचा, वेदवल्लीचा फोन. कोदैसाठी कुंभकोणमचं स्थळ आलंय, त्या मंडळींना तिचा फोटो फार आवडला. मुलगा बेंगळुरूला असतो, घराणं चांगलं. फोटो आमच्या तिरुवल्लिक्केणीतल्या दामोदरनने काढला होता. मूळचा जरा उदास आला होता, उजेडाचा दोष. तो त्याने सुधारून दिला. आजकाल सगळेच करतात. पत्रिकेसोबत 'निमगोरी' असं वेदवल्लीने लिहिलं, तेही रीतीप्रमाणेच. कोदैला तो फोटो अजून दाखवलेला नाही. गरज वाटली नाही. स्वतःचा चेहरा तिला माहीतच आहे.

१३ मे

इसक्कीचं दृश्य आज होतं. झालं नाही. ढग नव्हते म्हणे. काल ढग होते म्हणून झालं नव्हतं.

इथे काजूचे मॅकरून मिळतात, पांढरे, सुळक्यासारखे. चार खाऊन झाल्यावर कोदैने सांगितलं की त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. "आधी सांगायचं नाही?" तर म्हणते, "रंगावरून ओळखाल असं वाटलं." ही जीभ आईकडून आली आहे.

१६ मे

अखेर झालं. लिहून ठेवतो, कारण उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दृश्य असं: मिठावरच्या उन्हाच्या तिरिपेने इसक्कीची नजर गेलेली आहे. पेच्ची गाव सोडून चाललीय. इसक्की हाताने बहिणीचा चेहरा चाचपते आणि म्हणते, "बोल गं, बोलत राहा. आवाज ऐकला की तू दिसतेस."

कोदै तयार होऊन आली. नुसती साडी, तेल लावलेले केस. ती जपलीनशेजारी उभी राहिली मात्र, इळंपरिदीने कपाळाला हात लावला. साहजिकच आहे; ज्या हातावरून रंग ताडला तो हात आणि तो रंग शेजारी शेजारी आले, आणि सकाळी गाडीत जुळलेला रंग उन्हात जुळेना.

"कोदै, थोडी पावडर."

"सर, मी मिठागरातली आहे ना?"

"तू आहेसच गं. पण तुझ्यामुळे ती वाटत नाही."

कोदैने माझ्याकडे पाहिलं. इळंपरिदीनेही पाहिलं. "सामी, तुम्ही वडीलधारे. सांगा तिला."

मी बाजूला नेऊन सांगितलं, "लाव गं. एका दिवसाचा प्रश्न आहे. दृश्य मिळतंय हे महत्त्वाचं." व्यवहाराची गोष्ट होती. तिने ऐकलं. पुन्नैवनम पावडर लावताना तिच्याकडे बघत नव्हता. "माफ कर पोरी," एवढंच म्हणाला.

मग टेक. कोदैने जपलीनच्या गालावरून हात फिरवला आणि सगळे थबकले. जपलीनच्या गालावर चार बोटांचे गोरे पट्टे उमटले आणि कोदैच्या तळहाताला तिचा स्वतःचाच रंग लागला.

"कट! हात लावू नकोस!"

"सर, आंधळी बहीण चेहरा चाचपतेय."

"चाचप की! पण हात न लावता. बोटभर अंतर ठेव."

आणि तिने ठेवलं. हवेतला चेहरा चाचपला. इतकं चांगलं केलं की चेल्लत्ताय डोळ्यांना पदर लावून बसली आणि तिची पावडर वाहिली, म्हणून तो शॉट पुन्हा घ्यावा लागला.

परतताना मी म्हणालो, "उत्तम झालं." कोदै म्हणाली, "हो ना?" आणि खूप दिवसांनी लहानपणी हसायची तशी हसली. पावडर तशीच होती.

लेखात लिहिलं, "एका सहायक अभिनेत्रीने प्रसंग जिवंत केला."

२० जून, चेन्नई

डबिंग सुरू झालं आणि आज कोदै दुपारीच घरी आली. पाय आपटत. वेदवल्लीने ताक दिलं ते तसंच राहिलं.

झालं आहे ते असं. जपलीनच्या पेच्चीला कोदै आवाज देणार, हे ठरलेलंच होतं. आज इळंपरिदीच्या ध्यानात आलं की इसक्की आणि पेच्ची एकमेकींशी बोलतात आणि दोघींचा आवाज एकच असून चालणार नाही. हे मे महिन्यात कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर्कशास्त्र शिकलोय. त्यावर त्याने तोडगा काढला: इसक्कीचा आवाज सेल्वी नावाची दुसरी मुलगी देईल.

"म्हणजे माझ्या तोंडात सेल्वीचा आवाज," कोदै म्हणाली.

"दोनच तर दृश्यं," मी म्हटलं.

"अप्पा, नीट बघा. माझा रंग तिच्या अंगावर. माझा आवाज तिच्या तोंडात. माझ्या अंगावर पावडर, माझ्या तोंडात सेल्वी. मग त्या दोन दृश्यांत मी नेमकी कुठे आहे?"

"प्रश्न फार जुना आहे. 'मी कोण' हे ऋषींनीसुद्धा..."

"ऋषींना दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जायचं नसायचं."

तिने इळंपरिदीला तोंडावर सांगून टाकलं आहे: इसक्कीला आवाज माझाच. पेच्चीसाठी हवं तर दुसरी आणा.

संध्याकाळी इळंपरिदीचा मला फोन. आवाजात मध. "सामी, तिच्यासाठी माझे पुढचे दोन चित्रपट राखून ठेवलेत. दोन्हींत नायिकेचा आवाज. हट्ट केला तर मी काय कुणीच बोलावणार नाही हो. आपली इंडस्ट्री केवढीशी आहे! तुम्ही समजावा."

२१ जून

समजावलं. गच्चीवर ती कपडे वाळत घालत होती.

"बाळ, मुख्य भूमिकेचा आवाज सोडून दोन दृश्यांच्या आंधळ्या बहिणीसाठी भांडायचं? लोक तुला आवाजाने ओळखतात."

"कोण ओळखतं? नाव सांगा एक."

"मी ओळखतो."

"तुम्ही लेखात माझं नाव घातलं नाहीत अप्पा."

ते लेख तिने कधी वाचले, देव जाणे. औचित्य म्हणून नाही घातलं, हे तिला पटवून देण्यात दोन धोतरं वाळत घालून झाली. पटलं नाही.

"पावडर लाव म्हणालात, लावली," ती म्हणाली. "चेहरा गेला तो गेला. आवाज तरी माझ्यावर राहू दे. आता नका सांगू."

मी खाली आलो. माझं म्हणणं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. पण ते पुन्हा सांगायला वर गेलो नाही.

२३ जून

सालिग्रामममधल्या स्टुडिओत मीही गेलो, मध्यस्थ म्हणून. मध्यस्थाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोदै काचेमागे उभी राहिली, कानांना हेडफोन लावले आणि फक्त इसक्की बोलली. "बोल गं, बोलत राहा." मग बाहेर आली आणि पर्स उचलली.

इळंपरिदी भडकला. "चित्रपट ऑगस्टमध्ये लागणार आहे! पेच्ची काय मुकी दाखवू?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर जपलीन होती. जाहिरातीच्या कामासाठी आली होती. हळूच म्हणाली, "मी बोलू?"

कुणी ऐकलंच नाही. ती पुन्हा म्हणाली, या वेळी तमिळमध्ये, "नान पेसट्टुमा?" उच्चार खडबडीत, पण वाक्य पुरं होतं. माईकवाल्याने मान वर केली.

"तू?" इळंपरिदी म्हणाला.

"मला सगळी वाक्यं पाठ आहेत, सर. कोदैने अर्थासकट करून घेतली आहेत." मग हिंदीत, "इतके चित्रपट केले, माझ्या आईने माझा आवाज एकातही ऐकलेला नाही. तिला वाटतं मला बोलायला येत नाही म्हणून दुसरीला घेतात."

कोदैने पर्स खाली ठेवली. जपलीनला काचेमागे नेलं, तिच्या हेडफोनची पट्टी सारखी केली आणि म्हणाली, "हळू. 'ळ' घाईत म्हणू नकोस. जीभ मागे ने आणि थांब."

दिवसभर दोघी तिथे होत्या. इळंपरिदी चार वेळा बाहेर जाऊन आला. पाचव्या वेळी माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "सामी, तुमची मुलगी माझ्याकडे पुन्हा काम करणार नाही." मी म्हणालो, "हे तुम्ही सांगताय की विचारताय?" तो उठून पुन्हा बाहेर गेला. मला बरं वाटलं. का, ते सांगता येणार नाही. आता घरात येणारं काम गेलं आहे.

१० जुलै

काहीही घडलं नाही. कोदैला कुठूनही बोलावणं नाही. वेदवल्ली म्हणते, हे तुमच्यामुळे झालं. कोदैने विचारलं तेव्हा इळंपरिदी म्हणाला, तुझ्यामुळे झालं. या घरात फक्त फ्रीज कुणाला दोष देत नाही.

९ ऑगस्ट

परवा खास खेळाला तिघे गेलो. इसक्कीच्या दोन दृश्यांतलं एक कापलं आहे. राहिलेल्यात कोदै आली तेव्हा क्षणभर ओळखू आली नाही. ही कोण भुरकी बाई, असं मनात आलं. मग ती बोलली, आणि त्या आवाजाच्या मागून माझ्या मुलीचा चेहरा वर आला. अंधारात वेदवल्ली माझ्याकडे वाकून म्हणाली, "किती उजळ दिसतेय!" कोदै मधल्या खुर्चीवर होती. तिने ऐकलं असावं.

समीक्षकांनी जपलीनच्या उच्चारांवर सडकून टीका केली आहे. इतकी वर्षं तोंड एकीचं, आवाज दुसरीचा, यावर एकाचीही हरकत नव्हती. आता एकीनेच दोन्ही वापरले तर यांचे कान दुखले. आमच्याच साप्ताहिकातल्या पोरट्याने लिहिलंय, "पेच्ची मातीतली वाटत नाही." त्याला मिठागरात पाठवायला हवं.

२४ ऑगस्ट

लग्नकार्याला वर्ज्य असलेला आडी महिना संपला आणि कुंभकोणमची मंडळी आली. मुलगा, आई, वडील, आणि एक काका, ज्यांचं काम फक्त भजी संपवण्याचं होतं. शिरा उत्तम झाला होता. कोदै गडद हिरवी साडी नेसून बाहेर आली, तोंडाला काहीही न लावता. वेदवल्लीने स्वयंपाकघरात पावडरचा डबा घेऊन तिचा पाठलाग केला होता, तो मी ऐकला होता.

मुलाच्या आईने कोदैकडे पाहिलं. मग हातातल्या फोटोकडे पाहिलं. पुन्हा कोदैकडे.

"फोटोत..." त्या म्हणाल्या, "फोटोत जरा वेगळी वाटली होतीस, नाही?"

पंखा फिरत होता. वेदवल्लीने भजी पुढे केली. काकांनी घेतली.

"बघू मामी," कोदैने हात पुढे केला. तो फोटो तिने पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. मग अगदी अदबीने परत दिला.

"ती वेगळी आहे, मामी," ती म्हणाली. "मी तिला फक्त आवाज देते."

मुलगा इतक्या जोरात हसला की कॉफी त्याच्या पांढऱ्या शर्टवर सांडली. त्याची आई हसली नाही. मीही थोडा हसलो. वाक्य चांगलं होतं. पण वेदवल्ली आत गेली ती बाहेर आलीच नाही, आणि निरोप देताना दारात मी एकटाच उभा होतो.

"कळवतो," ते म्हणाले.

३० ऑगस्ट

कळवलं. मुलाच्या वडिलांचा फोन. घसा खाकरत म्हणाले, "मुलगा म्हणतो, फोटो परत घ्या. ज्या मुलीचा आवाज ऐकला तिचा फोटो पाठवा."

ही थट्टा की होकार, मला कळेना. तरी दामोदरनकडे गेलो. त्याचं दुकान देवळाच्या रस्त्यावरच आहे. चांगला खडसावला त्याला. "काय केलंस रे त्या फोटोचं? मुलगी ओळखू येईना! कुणी सांगितलं होतं एवढं पांढरं करायला?"

"तुम्हीच, सर."

"मी?"

"मी आधी थोडाच उजळला होता. तुम्ही परत पाठवलात. म्हणालात, अजून एक हात."

दामोदरनला मी लहानपणापासून ओळखतो. त्याची स्मरणशक्ती कधीच चांगली नव्हती.

"बरं, मूळ फोटो दे."

"मूळ ठेवत नाही सर आम्ही. कुणी मागायलाच येत नाही."

३१ ऑगस्ट

सकाळी कोदैला सांगितलं, साधा एक फोटो हवा आहे. कुंभकोणमसाठी. तिने मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

उन्हातला फोटो. तोंड धुतलेलं, कपाळावर टिकलीसुद्धा नाही, हात गालाशी. मागे मिठाचा पांढरा ढीग. पुन्नैवनमने घेतलेला तो.

"पुन्नै अण्णांनी मागच्या आठवड्यात पाठवला. म्हणाले, चित्रपट संपला, आता तुझा तू ठेव. मला नको." तिने खांदे उडवले. "माझा माझ्यासारखा फोटो एवढा एकच आहे, अप्पा. तोही दुसरीला रंगवायला काढलेला. तेव्हापासून सगळ्या कास्टिंगवाल्यांना हाच पाठवतेय. अजून कुणाचं उत्तर नाही. कुंभकोणमवाल्यांनाही पाठवा, एकाची भर."

मी चष्मा पुसून पाहिला. उन्हामुळे डोळे बारीक झाले आहेत. कपाळावर घाम. हनुवटी अगदी माझ्या आईची. आई अशीच होती, अशीच काळी, आणि आम्ही सगळी भावंडं अंधारात तिला आवाजावरून शोधायचो.

मी म्हणणार होतो, "जरासा उजेड..."

कोदै वाट बघत होती.

म्हणालो नाही. पाठवला.